तिसऱ्या पाळीची झोप

करमाडला सकाळी अकराच्या सुमारास गेलात, तर जालना रोड सोडून आत वळल्यावर आवाज थोडा खाली घ्या. रोडवर ट्रक धडधडत असतात, ढाब्यावर गाणी लागलेली असतात, अडतीसमोर माल उतरवणारे एकमेकांवर खेकसत असतात. आणि तिथून दोन गल्ल्या आत माणसं झोपलेली असतात. दार लोटलेलं, खिडकीला ओली चादर, उंबऱ्याशी सेफ्टी शूज. बूट दाराबाहेर दिसले की आत तिसऱ्या पाळीचा माणूस आहे, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं. त्यांचं क्रिकेट त्या दारापासून चार घरं सरकून सुरू होतं. चुकून बॉल दारावर आपटलाच, तर सगळी पोरं एकदम जीभ चावतात आणि दिसेनाशी होतात.

दिवसाच्या या झोपेकडं माझं लक्ष आधी जातं, कारण मी तिच्यातच वाढले. आम्ही मुकुंदवाडीत राहायचो आणि अप्पा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते. तिसरी पाळी असली की ते सकाळी यायचे, चहा-पोळी खाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे, आणि दहा बाय बाराच्या खोलीतला आमचा सगळा संसार कुजबुजीवर यायचा. आई घासलेली भांडी एकावर एक रचायची नाही, जमिनीवर ओळीनं पालथी घालायची. पाढे आम्ही ओठांतल्या ओठांत म्हणायचो. शेजारच्या काकू कुकर लावायच्या आधी खिडकीतून खुणेनं विचारायच्या, झोपलेत का? अप्पांची झोप ही घरातली सगळ्यात महाग वस्तू होती. ती मोडली तर रात्री मशीनवर हात चुकेल, हे आम्हा भावंडांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. प्रेसवर बोटं गेलेली माणसं गल्लीत दिसायची.

पुढं अप्पांनी वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. बॉण्डपेपरवर. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर, आमच्या हातात शंभर रुपयांचा कागद आणि साक्षीदारांच्या सह्या. शहराच्या कडेच्या कितीतरी कामगारवस्त्या अशाच उभ्या राहिल्या. सरकारनं २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला तेव्हा १ जानेवारी २००१ ही रेघ ओढली. २०२१ च्या दुरुस्तीनं ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. आधी माणसं राहायला जातात, मग नळ जातो, मग कायदा जातो, असा हा आपल्याकडचा क्रम. लेआउट, ड्रेनेज, दिवाबत्ती यांतलं काहीही नसलेल्या त्या प्लॉटवर अप्पांनी पहिली बांधली ती झोपायची खोली. आतली, उत्तरेला खिडकी असलेली. स्वयंपाक पुढं बरीच वर्षं ओसरीत चालला आणि येणारी-जाणारी बायामाणसं आईला हसायची.

त्यामुळं कामगारांसाठी परवडणारी घरं हा विषय निघाला की चौरस फूट, अनुदान, एफएसआय यांच्या आधी माझ्या मनात एकच प्रश्न येतो. तिथं दिवसा झोप लागेल का?

करमाड हे रेल्वेचं जुनं स्टेशन. एकोणिसावं शतक सरताना निजामाच्या राज्यातून मनमाडकडं जी मीटरगेज लाइन आली, तिच्यावरचं. आपल्या शहराकडून निघालं की चिकलठाणा, मग करमाड, मग बदनापूर, मग जालना. पिढ्यान् पिढ्या इथला सगळा व्यवहार आजूबाजूच्या खेड्यांच्या मालावर: कापूस, तूर, बाजरी, मोसंबी, अलीकडं अद्रक. पोरं शिकायला आणि कामाला शहराकडं जायची आणि संध्याकाळच्या काळी-पिवळीत कोंबून परत यायची. मग शेंद्र्याला पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाली. २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तिथं जुळायला लागल्या. चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेसाठी ज्या शेंद्र्याला लोक बैलगाड्या जुंपून जायचे, तिथं आता रोज कंपन्यांच्या बसा जायला लागल्या. त्यामागून दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर आला. शेंद्रा आणि बिडकीन मिळून १० हजार एकरांच्या आसपासचं ऑरिक नावाचं औद्योगिक शहर आखलं गेलं, आणि करमाड, लाडगाव, कुंभेफळच्या जमिनी एकरी २३ लाखांनी गेल्या.

मावेजाच्या त्या दिवसांवर एक वेगळा लेख होईल, तो कुणीतरी लिहावा. गाड्या आल्या, लग्नं मोठी झाली, शहाण्यांनी दुसऱ्या तालुक्यात जमिनी घेतल्या. ज्यांच्याकडं रस्त्यालगतची अर्धा-एक एकर शिल्लक राहिली, त्यांनी तिच्यात खोल्यांचं पीक घेतलं. या पिकाला पाऊस लागत नाही, गारपिटीची भीती नाही, बोंडअळी पडत नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला, पगार झाला की, ते काढणीला येतं.

ऑरिकच्या आराखड्यात घरांचा विचार नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधान ऑरिक हॉलच्या उद्घाटनाला आले, तेव्हाच्या सगळ्या नकाशांत तो आहे. साधारण ६० टक्के जमीन उद्योगांची, उरलेली राहण्यासाठी, दुकानांसाठी, शाळा-दवाखान्यांसाठी आणि मोकळी. वीज आणि फायबर जमिनीखालून, सांडपाण्यावर प्रक्रिया. खरंच विचार करून आखलेलं काम आहे, आणि रुंद रस्त्यांवरून संध्याकाळी चालताना बरं वाटतं. अडचण वेळेची आहे. कारखाना दोन-तीन वर्षांत उभा राहतो आणि पहिल्याच दिवशी त्याला माणसं लागतात. राहण्यासाठी ठेवलेल्या प्लॉटवर बिल्डर येतो तो भाव चढल्यावर, आणि भाव चढल्यावर बांधलेल्या घरात हेल्पर राहायला जात नाही. मधली सगळी वर्षं तो करमाडात झोपतो.

कुठं झोपतो हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना पाहिलं. शाळाबाह्य मुलं शोधायचं काम मास्तर लोकांकडं असतं. त्या निमित्तानं दारोदार हिंडणं झालं. एका ओळीत आठ-दहा खोल्या. पुढं सिमेंटचा अरुंद ओटा, टोकाला दोन संडास आणि एक न्हाणी. वर पत्रा. खोलीत दोरीवर युनिफॉर्म, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, भिंतीला एकच बोर्ड आणि त्याच्यावर चार मोबाइल चार्जिंगला लावलेले. भाडं चौघांत वाटलेलं, लाइट बिल वेगळं, डिपॉझिट एका भाड्याइतकं. चौघांपैकी दोघं कामावर आणि दोघं झोपलेले. पाळ्या बदलल्या की अंथरूण तेच, माणूस वेगळा. गिरणगावात याच रीतीनं माणसं राहिली हे आपण वाचलेलं असतं. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या आणि एकेका खोलीत गावाकडचे भाऊबंद पाळीपाळीनं पाठ टेकायचे. शंभर वर्षांनी जालना रोडवर तेच चालू आहे. तिकडं काँक्रीटच्या भिंती तरी होत्या. इथं एप्रिल उजाडला की दहा वाजताच पत्रा तडतडायला लागतो. सातला पाळी सुटलेला माणूस साडेआठला आडवा होतो, दहाला जागा होतो, ओली चादर अंगावर घेऊन आणखी तासभर तग धरतो, मग चटई काखेला मारून लिंबाच्या झाडाखाली जातो. तिथं माश्या. रात्री तोच माणूस टनावारी लोखंड इकडचं तिकडं करणाऱ्या यंत्राच्या बटणांपाशी उभा असतो.

कारखान्यांना पैठणहून नाथसागराचं पाणी येतं. खोल्यांना बोअरचं, आणि बोअर आटली की टँकरचं. टँकर दुपारी येतो आणि झोपलेल्याला उठवूनच जातो.

राहणारे कोण? निम्मे जवळचेच. सिल्लोड, भोकरदन, जाफराबाद, मंठा, कन्नडकडची आयटीआय झालेली पोरं, ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि दोन बहिणी. बाकीचे लांबचे, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशाचे. जवळची पोरं शनिवारी गावाकडं पळतात, लांबची वर्षातून एकदा. आपल्या भागाला तात्पुरत्या घराची सवय जुनी आहे. आपल्याकडून ऊसतोडीला गेलेल्यांची सहा-सहा महिन्यांची कोपी असते, पाचटाची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं कामावरच झोपली. तेव्हा खोलीला सिमेंटची फरशी आणि बोर्ड आहे, हीसुद्धा काहींना चैन वाटते. त्यांना ती वाटते म्हणून आपल्याला वाटू नये.

मुलांचं सांगते. नोव्हेंबरात हजेरीपटावर नाव चढायचं, फेब्रुवारीत मुलगा यायचा बंद व्हायचा. चौकशीला जावं तर खोलीला दुसरं कुलूप. रूम बदलली, कंपनी बदलली, ठेकेदार बदलला. दाखला मागायलाही कुणी यायचं नाही. एक मुलगी होती, बिहारकडची, सहा महिन्यांत अशी खणखणीत मराठी बोलायला लागली की गॅदरिंगमध्ये तिला सूत्रसंचालन दिलं. कार्यक्रम झाला आणि सोमवारी ती नाही. ठेकेदारानं बापाला वाळूजला हलवलं होतं. तीस-पस्तीस किलोमीटर म्हणजे फार नव्हे, पण खोली सुटली की शाळा सुटते. शाळेच्या पटाची गळती आम्ही पटावर शोधत बसायचो, ती घरमालकाच्या वहीत होती.

आता त्या पहाटेबद्दल लिहायला हवं. करमाडचं नाव देशानं ऐकलं ते तेव्हाच.

८ मे २०२०. आदल्या रात्री बुद्धपौर्णिमा होती. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले मजूर टाळेबंदीत अडकले होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं ते पायी निघाले. बदनापूरच्या पुढं त्यांनी रूळ धरले. पस्तीसेक किलोमीटर चालून झाल्यावर करमाडच्या अलीकडं, सटाणा शिवारात, ते थांबले, रुळांवरच आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला मालगाडी आली. चालकानं भोंगा वाजवला, गाडी थांबवायचा प्रयत्न केला. १६ जण गेले. जे थोडे बाजूला होते ते वाचले. रुळांत विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते मी इथं पुन्हा दाखवत नाही.

रुळावर कुणी झोपतं का, असं त्या दिवसांत जो तो म्हणत होता. पुढच्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयातही तसाच सूर निघाला. मला तो प्रश्न कधी पडला नाही. अप्पांना मी उभ्यानं झोपलेलं पाहिलंय. पाळी डबल झाली की बसच्या दांड्याला धरून त्यांचे डोळे मिटायचे आणि मुकुंदवाडीचा स्टॉप पुढं निघून जायचा. थकलेलं शरीर जागा निवडत नाही. आणि निवडायचीच म्हटली तर रात्रीच्या रानात साप-विंचवाच्या गवतापेक्षा खडीवरची उंच, कोरडी, सपाट जागा त्याला बरी वाटणारच. प्रवासी गाड्या बंद होत्या. मग रूळही बंदच असतील. देशात दीड महिना ‘घरात राहा’ एवढाच एक आदेश घुमत होता आणि या माणसांकडं ते पाळायला लागणारी वस्तूच नव्हती. जालन्यात त्यांच्याकडं खोली नक्कीच असेल. पण पगार थांबला की खोली थांबते. महिन्याच्या कामाला जोडलेलं छप्पर कामासारखंच कधीही काढून घेता येतं.

खरं तर कायदा होता. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुरांसाठी १९७९ सालीच संसदेनं कायदा करून ठेवला होता आणि त्यात ठेकेदारानं कामाच्या काळात राहायला योग्य जागा द्यावी असं स्वच्छ लिहिलं होतं. एकेचाळीस वर्षं ते वाक्य तिथं होतं. अपघातानंतर सहाव्या दिवशी, १४ मे २०२० ला, अर्थमंत्र्यांनी स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. ८ जुलैला, म्हणजे त्या पहाटेला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. तारखा जुळल्या म्हणून मी त्यांच्यात कारण-कार्य शोधत नाही, देशभर लाखो लोक तेव्हा रस्त्यानं चालत होते. योजनेचे दोन मार्ग होते. सरकारी पैशानं बांधून रिकामी पडलेली घरं दुरुस्त करून भाड्यानं द्यायची, किंवा कुणी आपल्या जागेवर नवी बांधून पंचवीस वर्षं चालवायची. चंदीगडला, सुरतला जुनी रिकामी घरं होती, तिथं माणसं राहायला गेली. पण रिकामं घर आणि नवा कारखाना एकाच गावात असणं हा योगायोग. आपल्याकडं लेबर कॉलनी होती म्हणावी, तर तिचं नुसतं नाव लेबर. राहत होते सरकारी कर्मचारी, आणि मे २०२२ मध्ये बुलडोझर लावून तीही पाडली.

नवी बांधलेली मोठी उदाहरणं आहेत. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ ऑगस्ट २०२४ मध्ये १८,७२० कामगार स्त्रियांची सोय करणारं निवासी संकुल सुरू झालं. मोबाइल जोडणाऱ्या कारखान्यांतल्या मुली तिथं राहतात. एवढ्या मुलींना सुरक्षित खोली, पाणी आणि पंखा मिळाला ही गोष्ट लहान नाही, आणि शेंद्र्याच्या कंपन्यांत आता मुली दिसायला लागल्यात त्यांच्यासाठी असं काही उद्या हवंच. कारण करमाडात ‘मुलींना रूम आहे का’ असं विचारलं की घरमालक आधी चपला बघतो, मग चेहरा. तरी मनात एक रुखरुख राहते. पलंगांच्या संख्येत मोजलेलं घर बाविसाव्या वर्षी पुरतं. सत्ताविसाव्या वर्षी त्या मुलीचं लग्न होतं, तिसाव्या वर्षी मूल, आणि तेव्हा तिनं कुठं जायचं हे त्या इमारतीला माहीत नसतं.

म्हणून मला सोलापूरचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांनी १० हजार घरांची वसाहत उभी केली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं वर्षानुवर्षं मोर्चे, दिल्ली-मुंबईच्या खेपा, आणि मग २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या. थोडा पैसा केंद्राचा, थोडा राज्याचा, थोडा बाईचा स्वतःचा. त्याच कुंभारीला पुढं ३० हजार घरांचं रे नगर आलं. १९ जानेवारी २०२४ ला त्यातली पहिली १५ हजार घरं पंतप्रधान मोदींनी दिली आणि बोलताना त्यांचा गळा भरून आला होता. लाल बावट्यानं मागायचं, काँग्रेसच्या आणि भाजपच्या पंतप्रधानांनी द्यायचं, हे महाराष्ट्रात एकाच माळावर घडलंय. त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. तिथं मागणाऱ्या बायका संघटित होत्या, त्यांच्या नावाची यादी होती आणि ती यादी कुणी बदलू शकत नव्हतं. विडी घरात बसून वळतात. त्यांच्यासाठी घर म्हणजे कारखानाही, म्हणून त्या भांडल्या. गळकं छत म्हणजे भिजलेली पानं आणि कापली गेलेली मजुरी.

करमाडच्या खोल्यांत अशी यादी होत नाही. माणूस ठेकेदाराचा, ठेकेदार कंपनीचा, खोली शेतकऱ्याची, मत गावाकडं. कुणाच्याच यादीत तो अकरा महिन्यांच्या वर टिकत नाही. संघटनेला सलग ओळखीची माणसं लागतात, आणि इथं तर बाजूच्या खाटेवरचा माणूस जागेपणी भेटत नाही.

एखाद्या मालकानंच गाव वसवावं अशी स्वप्नं आपल्या जुन्या लोकांनी पाहिली आणि खरीही केली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर माणसांची वाडीही वसवली, आणि रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. मला किर्लोस्करवाडीबद्दल आदर आहे, पण करमाडला तसलं काही व्हावं असं वाटत नाही. कंपनीचं घर कंपनीबरोबर जातं. आणि आजची कंपनी कितीतरी माणसांना आपली म्हणायलाच तयार नाही, तर त्यांना घर कसलं देते.

मला वाटतं, करमाडचं कामगारांचं घर बांधून झालेलंच आहे. वाईट बांधलंय, एवढंच. ज्या शेतकऱ्यानं आपल्या उरलेल्या तुकड्यावर बारा खोल्या काढल्या, तोच इथला सगळ्यात मोठा गृहनिर्माणकर्ता आहे, फक्त कुठल्याही योजनेत त्याचं नाव येत नाही. बँक त्याला ट्रॅक्टरला कर्ज देते, खोल्यांना देत नाही, कारण जमीन बिगरशेती झालेली नाही. ती करायला गेलं तर खर्च आणि हेलपाटे. मग तो पत्रा टाकतो. त्याला कमी व्याजानं पैसे द्या आणि बदल्यात अटी घाला: छत उन्हाला अडवणारं, खिडक्या समोरासमोर, चार खोल्यांमागं एक संडास, भाडेकरार लेखी, आणि दहातल्या तीन खोल्या कुटुंबाला पुरतील एवढ्या. ग्रामपंचायतीला गटार आणि नळ टाकायला ऑरिकच्या पाण्यातला आणि कराच्या पैशातला वाटा मिळू द्या. ज्यांना इथंच राहायचंय त्यांच्यासाठी ऑरिकच्या राहत्या जमिनीतला एक भाग आजच बाजूला काढा, भाव पिकायच्या आधी, आणि कुंभारीसारखा विकत द्या, कामगाराच्या बायकोच्या नावावर. उंच मनोरे नकोत. तिसऱ्या पाळीच्या माणसाला सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना चढायला लावू नये.

एवढ्यानं करमाड बदलेल का? मावेजातून आलेल्या गाड्यांनी ते बदललं नाही, खोल्यांनी बदललं, हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. आज जालना रोडवर पहाटे पाचला पोहे मिळतात, रात्री साडेबाराला गरम जेवण मिळतं. अद्रकीच्या व्यापाऱ्याच्या शेजारी मोबाइल दुरुस्तीवाला आहे, त्याच्या शेजारी भोजपुरी गाणी भरून देणारा, त्याच्या शेजारी बायकांचं ब्यूटी पार्लर. मेस चालवणाऱ्या बायका आहेत. आधी त्या सगळ्या कापूस वेचायला जायच्या. ज्या ओळीत कुटुंबं राहतात त्या ओळीपुढं तुळस दिसते, छटपूजेचा ऊस दिसतो, पोरांचे वाळत घातलेले शाळेचे सॉक्स दिसतात, किराण्याची उधारी वर्षभर चालते. एकट्या पोरांच्या ओळीपुढं फक्त पाण्याचे रिकामे जार. दुकानदारांना हा फरक नीट माहीत आहे. कुटुंब आलं की डाळीचं पोतं लवकर संपतं.

कामगाराच्या विश्रांतीचं भांडण आपल्याकडं फार जुनं आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मिळवली ती १० जून १८९० ला, आणि रविवार मागताना खंडोबाचा वार म्हणून मागितला. सुट्टी मिळाली, पुढं आठ तास मिळाले, पीएफ मिळाला, मग कंत्राटात यातलं पुष्कळसं हळूहळू परतही गेलं. कामाचे तास मोजायला गेटवर बोटाचं मशीन आहे. झोपेचे तास मोजायला कुणी नाही.

परवा ओळखीच्या मावशींकडं गेले होते. त्यांची दोन एकर गेली, दहा गुंठे उरले, त्यावर चौदा खोल्या. नवरा नाही, मुलगा पुण्याला. भाडेकरूंना त्या ‘माझी पोरं’ म्हणतात आणि एक तारखेपासून भाड्यासाठी त्यांच्या मागं लागतात, दोन्ही मनापासून. यंदा बचत गटाचे आणि जावयाचे पैसे घालून पुढच्या सात खोल्यांवर स्लॅब टाकायचं ठरवलंय. त्या दिवशी ओट्यावर त्याचीच बैठक बसली होती. मिस्त्री म्हणत होता, सकाळी आठला मिक्सर सुरू करतो, संध्याकाळी मोकळं. पण तिसऱ्या पाळीची पाच पोरं साडेआठला आडवी होतात. रविवारी टाका म्हणावं तर सुट्टी कुणाची शुक्रवारी, कुणाची शनिवारी, कुणाची रविवारी. ज्याची त्याची कंपनी वेगळी. दुपारी चारनंतर चालू करू म्हटलं, तर पुढच्या ओळीतली बाळंतीण बोलली की हॅलोजन लावून रात्रीपर्यंत धडधड चालली तर बाळ झोपायचं कधी. मग पोरांनीच तोडगा काढला. मिक्सर मागच्या रानात उभा करायचा, चारला सुरू, साडेनवाला बंद, आणि माल लांबून आणायला तिसऱ्या पाळीची पाचही जणं कामावर जायच्या आधी घमेली उचलतील. दुसऱ्या दिवशी उरलेलं. मावशींना पटलं. मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, मग नाइटचा रेट लावावा लागंल.

"तुला कामून रे नाइटचा रेट?" मावशी म्हणाल्या. "साडेनवाला घरी जाऊन झोपणार तू. ह्या पोरांना इचार नाइट काय असती. आन् ह्यांना कोण देतंय रेट?"

मिस्त्री अजून पन्नास रुपयांवर अडून बसलाय.